कोंडीबाची दुसरी टुंई

१

भात्तर सालच्या दुष्काळानं मानसं मारली, गुरं मारली, आन कोंडीबा दलालाचं तेवडं भलं केलं.

म्हंजी बगा, दुष्काळात गुरांच्या छावन्या पडल्या. तितं गवत यायचं लांबच्या मुलखातनं, दाबून बांदल्यालं, आन गठ्ठ्याला लोखंडी तार. भुकंनं वरडनाऱ्या जनावराला तार काय कळती? गवतासंगं तारंचं तुकडं बी पोटात. पुढं पाऊस झाला, गुरं अंगानं भरली, लोक खूस झालं. आन मंग दोन-तीन वर्सांनी चांगली चरती-फिरती गाय उभ्या जागी कोसळाया लागली. चिरून बगावं तर तारंचा तुकडा काळजात रुतल्याला. करमाळ्याच्या बाजारात जनावर घ्यायला लोक भ्यायचं. दावनीला गाय बांदतोय का गायीचं मढं, सांगावं कुनी?

कोंडीबा सांगायचा.

कुर्डूवाडीच्या रेडिओ दुरुस्त करनाऱ्याकडनं त्येनं एक डबडं बनवून घेतल्यालं. लाकडी खोकं, आत ट्रांझिस्टरची आतडी, काठीच्या टोकाला भाकरीएवडं तांब्याच्या तारंचं कडं. जनावराच्या पोटावनं फिरवायचं. लोखंड आसलं की खोकं वरडायचं, "टुंईऽऽ!" बाजारानं त्या डबड्याचं नाव टुंईच ठेवलं.

बाजाराच्या तोंडाला लिंब व्हता, लिंबाखाली सपाट धोंडा. त्यो धोंडा कोंडीबाचा. आत येनारं हरेक जनावर त्येच्या फुडनं जायचं. घरात बायकू रंभाबाई त्येला इचारत न्हवती, भावकीत त्येला कोन बोलवत न्हवतं, पर धोंड्यावर टेकला की मानूस राजा. सौदा बी तितंच. टावेल टाकायचा, दोगांनी हात टावेलाखाली घालायचं, आन बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट धरलं तर एक भाव, दोन धरली तर दुसरा. नगं आसंल तर हात झटकायचा. पटलं की तळवा दाबायचा, संपलं. तोंडातनं शब्द न्हाय. हात टावेलाखाली, नजर मालावर. ज्येच्याकडं बगतोय त्यो माल.

आता कोंडीबा काय साधा न्हवता. अंगठ्यात लोखंडी कडी घालायचा. कुनाची जिरवायची आसली की अंगठा काठीच्या कड्याजवळ सरकवायचा. टुंईऽऽ! जनावर धडधाकट, पर भाव खाली. आन सगळ्यात जास्त टुंई वाजायची मानसिंगच्या जनावरांवर.

मानसिंग म्हंजी माढ्याकडचा दलाल. टेरलिनचा सदरा, मनगटात घड्याळ, दाढंत सुपारी. त्येला त्यो धोंडा पायजे व्हता.

२

जेऊरच्या जोतीरामानं कोंडीबाच्या शब्दावर गाय घेतली. टुंई गप्प ऱ्हायली व्हती, अंगठा बी लांब व्हता, सगळं खरं खरं. म्हयन्यात गाय मेली. पोटातनं बोटभर तार निघाली.

जोतीराम बाजारात आला. धोंड्याफुडं थुकला आन गेला. बोलला त्यो मानसिंग. ती तार त्येनं जोतीरामाकडनं मागून घेतल्याली. सुतळीला बांदून लिंबाच्या फांदीला लटकवली, नेमकी कोंडीबाच्या डोस्क्यावर.

"ऱ्हाऊ दे," मानसिंग म्हनला. "गिऱ्हाईकानं वर बगावं, मंग खाली बगावं."

कोंडीबानं तार काढली, पर बाजार हसायचा ऱ्हायला न्हाय. खोट तर खरीच व्हती. जुन्या टुंईला ईतभर खोलीच्या फुडचं ऐकूच येत न्हवतं. बैलाची कूस केवडी, त्यातली ईतभर म्हंजी नुसतं कातडं आन चरबी. आतलं सगळं देवाच्या भरवशावर.

तवा कोंडीबानं यस्टी धरली आन सोलापूर गाटलं. मंगळवारच्या बाजारात भंगारवाल्या कमरबीकडं लष्करातलं यंत्र आलंय, जमिनीतला सुरुंग हुडकायचं, आसं त्येला कळल्यालं. बगितलं तर खरंच व्हतं. लांब दांडी, टोकाला हिरवी ताटली, पाठीवर बांदायची पेटी, आन कानावर बसवायच्या दोन काळ्या वाट्या.

"ही मशीन केवड्याला?" कोंडीबानं इचारलं.

"मशीन करके नै देती मैं," कमरबी म्हनली. "लोहा करके लेना है तो लेव. तौल के देती."

"बाई, घोडा आसून गाडव म्हनून इकनारी दुकानदारीन मी पैल्यांदा बगितली. चालू हाय का पर?"

"मेरेकू नै मालूम. मैं कान को नै लगाती."

"का?"

कमरबीनं तराजू उचलला. दांडी एका पारड्यात आडवी टाकली, दुसऱ्यात मापं टाकली, आन कोंडीबाकडं बगितलं बी न्हाय. "वापस लाव नको, चचा. लाए तो मैं इधर मिलती नै."

भंगाराच्या भावात घबाड मिळालं म्हनून कोंडीबा यस्टीत हसत हसत आला.

३

नवी टुंई काय चीज व्हती म्हनता! राजेसाब नालबंदाच्या अंगनात कोंडीबानं तिची परीक्षा घेतली. राजेसाब बाजारात बैलाला नाल ठोकायचा, त्येचं बिऱ्हाड धोंड्याच्या शेजारीच मांडल्यालं आसायचं. त्येनं मातीत नाल पुरायचं, कोंडीबानं डोळं झाकून हुडकायचं.

जुनी टुंई एकच सूर वरडायची. हिचं तसं न्हवतं. वरचं लोखंड बारीक बोलायचं, डास कानापाशी आल्यावानी. खाली जावं तसा आवाज जाड व्हायचा, बोकडासारखा, मंग म्हशीसारखा. हातभर, दीड हात, तितंपतुर. त्येच्या खाली पुरला की गप्प.

"आता कुटं पळंल तार?" कोंडीबा म्हनला.

"एकच वांदा हाय, तात्या," राजेसाब म्हनला. "पैलीचा आवाज बाजार ऐकायचा. हिचा तुमी एकटं ऐकनार. लोक ईस्वास ठेवतील का?"

"माज्यावर?"

"त्येच म्हनतो मी."

४

पैल्या बाजारी नव्या टुंईनं खऱ्या खऱ्या तारा धरल्या. एका म्हशीच्या पोटात कुलपाची किल्ली सापडली, खाटकानं दुसऱ्या दिवशी काढून दाखवली बी. कोंडीबाची छाती फुगली. अंगठ्यातली कडी त्येनं काढून ठेवली. आता खोटं बोलायची गरजच न्हवती.

आन मंग मानसिंग आला त्येचा खिलार बैल घिऊन. पांढराधोट, शिंगं तासल्याली, कातडं आसं की माशी घसरावी. धाराशिवकडचा एक बागाईतदार त्येला घ्यायला टपल्याला.

"लाव तुजी ताटली," मानसिंग म्हनला.

कोंडीबानं वाट्या कानावर घातल्या. ताटली डाव्या कुशीवर फिरवली. काय न्हाय. फिरवता फिरवता मधीच थांबला.

आवाज व्हता. पर कसला? म्हशीच्या बी खालचा. इतका जाड की कानाला कमी आन दाताला जास्त कळत व्हता. बारा हात हिरीच्या तळाला कुनी घन टाकावा तसा. कोंडीबाला पैल्यांदा हसूच आलं. दीड हाताच्या खाली यंत्र मुकं व्हतं, आन बैलाची जाडी ती केवडी? त्यो पलीकडं गेला, उजव्या कुशीला ताटली लावली. आता हिकडनं लांबचं आसंल तर तिकडनं जवळ पायजे का न्हाय? तिकडनं बी तेवडंच खोल.

आन त्यो आवाज एकसारखा येत न्हवता. यायचा, थांबायचा. यायचा, थांबायचा.

"राजेसाब, जरा हिकडं ये," कोंडीबानं हाळी दिली.

राजेसाबानं वाट्या कानाला लावल्या. जरा वेळ ऐकलं. मंग त्येनं वाट्या काढून कोंडीबाच्या हातात दिल्या, आपला हातोडा घेतला, खिळ्यांचा डबा घेतला, बसायचं पोतं झटकलं, आन बाजाराच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन बिऱ्हाड मांडलं.

"काय निघालं?" बागाईतदार म्हनला.

"लोखंड हाय," कोंडीबा म्हनला. खोटं न्हवतंच ते.

मानसिंगनं सुपारी थुकली. "आमाला कुटं ऐकू येतंय? तुज्या एकट्याच्या कानात वरडतंय व्हय? माज्या बी कानात आत्ताच आवाज आला, कोंडीबा हरामखोर हाय म्हनून. तुमाला आला का रं?"

"आला, आला!" बाजार खदाखदा हसला. बागाईतदार मातुर बैल सोडून निगून गेला.

मानसिंग हसायचा थांबला. "बैल माझा, चिरनार बी मीच. फुडच्या बाजारी गुरांचा डाक्टर आनतो, समद्यांफुडं पोट उघडतो. लोखंड निघालं तर माझं एक एक जनावर तुज्या धोंड्याफुडं मान वाकवून आत जाईल, मी बी वाकवीन. न्हाय निघालं तर धोंड्यावरनं उठायचं. परत टेकायचं न्हाय, मरंस्तवर."

"उठलो तर कमळाभवानीची आन," कोंडीबा म्हनला. "हितनं मला कोन उठवत न्हाय."

५

घरी जाऊन कोंडीबानं डोस्कं चालवलं. सेल उतरल्यालं आसतील. त्येनं सेल काढून उनात तापत ठेवलं. तापल्यावर परत घातलं, वाट्या कानावर घेतल्या. भिंतीवर ताटली धरली. गप्प. चुलीवर, ज्वारीच्या पोत्यावर, मोकळ्या अंगनात. गप्प. यंत्र ठीक व्हतं.

दारातल्या शेळीवर धरली, तर त्योच आवाज. आला, थांबला.

शेळी केवडी, तिच्या पोटाचा घेर केवडा! कोंडीबानं ताटली वर उचलली तर गप्प, शेळीवर टेकवली की सुरू.

रंभाबाई ज्वारी निवडत बसल्याली. कोंडीबानं तिच्या पाठीमागनं ताटली पुढं केली.

"आता बायकुच्या पोटातली तार बगनार व्हय?" ती वळली बी न्हाय. "मीच सांगते की काय काय गिळलंय ते. तुमच्यासंगं नांदून जे गिळलंय ना, ते ह्या ताटलीत मावायचं न्हाय."

"गप बस. डोरलं काड. जोडवी काड."

"आवो, मसनात जायच्या वक्ताला काडतील ती लोक."

पर तिनं काडली, कारन म्हाताऱ्याचा चेहरा तिनं आसा कदी बगितला न्हवता. कोंडीबानं ताटली तिच्या पोटाला लावली. आवाज आला. बैलात व्हता त्योच, फकस्त आता म्हशीएवडा जाड. म्हंजी वर आल्याला. त्येनं ताटली आपल्याच पोटाला लावली. तेवडाच, रतीभर कमी न्हाय का जास्त न्हाय. पळत जाऊन शेळीला लावली. तेवडाच.

कोंडीबा ओट्यावर बसला. त्येचा इचार लई सरळ व्हता आन त्योच त्येला आवडला न्हाय. चार जनावरांत चार तुकडं आसतील तर चार तऱ्हंचं आवाज यायला पायजेत. समद्यांत एकच आवाज, एकाच खोलीवर, एकाच चालीनं. म्हंजी लोखंड एकच. पोटं येगळी, पर आत एकच हीर. आपुन समदी तिची तोंडं.

"काय ऐकू आलं?" रंभाबाईनं जोडवी घालता घालता इचारलं.

"भूक लागलीया तुला," कोंडीबा म्हनला, आन हसला. थट्टा करायची सवय मानसाला शेवटपतुर सोडत न्हाय.

बाजाराच्या आदल्या दिवशी त्येनं पुन्यांदा आपल्या पोटाला ताटली लावली. आवाज बोकडाएवडा झाल्ता. जाऊन मानसिंगला म्हनावं, बैल चिरू नगंस? मंग धोंडा गेला. जन्मभर मिळवल्याली तेवडी एक जागा. न्हाय, त्ये जमनार न्हवतं. चिरू दे. बैल त्येचा हाय, माजं काय जातंय?

६

दुपारी बाजार नुसता खच्चून भरला. इकनं-घेनं ऱ्हायलं बाजूला, समदा घोळका बैलाभवती. डाक्टर तरणा पोरगा व्हता, पर हात सराईत. बैल उभाच बांदला, डावी कूस भादरली, सुया टोचून बधीर केली, आन चाकूनं ईतभर फाक पाडली. बैल कडबा चावत उभा. मंग डाक्टरनं हाताला तेल चोळलं आन हात आत घातला, पार खांद्यापतुर.

कोंडीबाच्या धोंड्यावर त्यावक्ती कोन बसलं व्हतं म्हाइती हाय? मानसिंग. पाय फाकवून, मिशीला पीळ देत, आजच मालक झाल्यावानी.

डाक्टरनं वझडीतनं ओला चारा मुठी मुठी काढला. सुतळीचा गुंता काढला. फडक्याची चिंधी काढली. दोनदा तळ चाचपला.

"काही नाही हो," त्यो म्हनला. "तार नाही, खिळा नाही. बैल साफ आहे."

बाजार वरडला. मानसिंग धोंड्यावरनं उठला बी न्हाय, फकस्त बोट हालवून कोंडीबाला म्हनला, "धोतर झटक आन चालू लाग."

"थांब," कोंडीबा म्हनला. "मी हात घालतो."

"आहो, असं कसं चालेल, जखम आहे," डाक्टर म्हनला.

"घालू द्या, घालू द्या," मानसिंग धोंड्यावनं वरडला. "निघताना बैलाचं शेन तरी हाताला लागू दे त्येच्या."

कोंडीबानं सदरा काढला, डाक्टरनं तोंड वाकडं करत त्येचा हात धुवून घेतला, तेल लावलं. आन कोंडीबानं फाकीत हात घातला.

आत भट्टी व्हती. वला, गरम, हालनारा चारा. मनगट गेलं, कोपर गेलं, दंड गेला. त्येचा गाल बैलाच्या कुशीला टेकला. आता हाताला पलीकडची भिंत लागायला पायजे व्हती. डाक्टरचा हात त्येच्यापेक्षा आखूड, त्येला तळ लागल्याला.

कोंडीबाला लागला न्हाय. बोटांच्या शेंड्याला गार वाटलं. गार आन कोरडं. वाऱ्यासारखं कायतरी बोटातनं गेलं.

आन त्येचं एक बोट कुनीतरी धरलं.

त्येनं हात मागं वढला न्हाय. कारन त्येच्या हाताला ती पकड म्हाइती व्हती. घट्ट न्हाय, सैल न्हाय, अंगठा आन दोन बोटांत धरल्यालं एक बोट. सौदा. जन्मभर टावेलाखाली ह्येच केल्यालं. आन बगा, मानूस भ्यायला आसला तरी हात भेत न्हाय. हातानं सवयीनं झटका दिला. नगं.

दोन बोटं धरली. हातानं झटका दिला. मंग तीन. चार. मंग समदी बोटं एकदम. कोंडीबाचं डोळं मानसिंगवर खिळल्यालं, मानसिंग धोंड्यावर बसून हसतोय, आन हात आपला भाव वाढवतोय, झटकतोय, वाढवतोय. बोटं संपली. तवा पकडनं मनगट धरलं. मनगट म्हंजी किती? आसा भाव बाजारात कदी झालाच न्हवता. मंग पकड वर सरकली, कोपराला आली. कोपर म्हंजी किती?

हातानं तळवा दाबला.

आन पटलं म्हनून तिकडनं बी तळवा दाबला गेला, आन तळव्यात कायतरी ठेवलं. इसार.

कोंडीबानं हात भाइर काढला. मुठीत लोखंड व्हतं. डाक्टर बगतच ऱ्हायला. बाजार येडा झाला, लोकांनी पटकं उडवलं. मानसिंग धोंड्यावनं उठला. त्येचा चेहरा राखंवानी झाल्ता, पर शब्दाला जागला. धोंड्याफुडं मान वाकवली. कोंडीबाकडं बगून हळूच म्हनला, "हाताच्या सफाईनं घातलंस ना आत? समजंल मला कवातरी."

७

त्यो नाल व्हता.

बैलाचा न्हाय. बैलाचं खूर फाटल्यालं, त्येला नालाच्या दोन फाका आसतात. घोड्याचा न्हाय, घोड्याचा गोल आसतो. ह्यो लांबट, अरुंद, आन त्येच्यातलं खिळं आजून वाकल्यालं, जसं चालता चालता खुरासकट निसटावं. गंज कुटंच न्हाय. खालनं आरशावानी गुळगुळीत. आन झिजल्याला फकस्त फुडच्या टोकाला. कोंडीबानं जन्मभर जनावरांचं पाय उचलून बगितल्यालं. सपाटीवर चालनाऱ्याचा नाल सगळा झिजतो. फुडनं तेवडाच झिजतो त्यो चढावर चालनाऱ्याचा. सारखा चढावरच चालनाऱ्याचा.

राजेसाबाला दाखवला. त्येनं हातात घेतला न्हाय. "मी ठोकल्याला न्हाय ह्यो."

"मंग फेकून देऊ?"

"इसार घेतल्याला फेकत आस्त्यात का, तात्या?" राजेसाब म्हनला, आन खाली मान घालून बैलाचा पाय उचलला. "इकलं काय तुमी, त्ये आटवा."

कोंडीबानं आटवलं, आन आटवून लई खूस झाला. ज्येच्याकडं बगतोय त्यो माल. हात आत आसताना डोळं कुनावर व्हतं? मानसिंगवर! मी मानसिंगला इकलं! दलालीत आयुष्य गेलं, आसा सौदा झाला न्हवता. त्यो हप्ताभर त्यो माढ्याकडनं येनाऱ्या हरेकाला इचारायचा, "मानसिंग बरा हाय ना? खोकला-बिकला? बरं, काळजी घ्या म्हनावं." आन मिशीत हसायचा.

नव्या टुंईनं बी आता तोंड मिटल्यालं. शेळीवर गप्प, रंभाबाईवर गप्प, बैलांवर गप्प. त्या आवाजाचं नावच न्हाय. त्येनं आपल्या पोटाला मातुर ताटली लावली न्हाय. लावून काय करायचंय, त्यो म्हनायचा. सौदा झाला, गिऱ्हाईक गेलं.

८

बाजार भरला. कोंडीबा धोंड्यावर पाय सोडून बसला. मांडीवर टावेल, शेजारी नवी टुंई. मानसिंगची जनावरं एकेक करून फुडनं गेली, गुराखी त्यांच्या माना दाबून वाकवत व्हता आन लोक हसत व्हतं. शेवटी मानसिंग आला. तोंडावर एक रेघ बी न्हाय. ठनठनीत.

"एक म्हस हाय," मानसिंग म्हनला. "गिऱ्हाईक तुजं, माल माझा. बोलायचं का?"

"बोलू की. बस," कोंडीबा म्हनला. मनात म्हनला, बस बाबा, तुजं थोडंच ऱ्हायलंय.

टावेलाखाली दोगांनी हात घातलं. मानसिंगनं त्येची दोन बोटं धरली. कोंडीबानं झटकली. तीन धरली. झटकली. मंग मानसिंगनं चार धरली, आन त्याच वक्ताला मानसिंगच कोंडीबाच्या तोंडाकडं बगायला लागला.

"एक हात काड की, मर्दा," मानसिंग म्हनला. "डावा कशाला घातलास मधी?"

कोंडीबाचा डावा हात धोंड्यावर टेकल्याला, समद्यांना दिसत व्हता. मानसिंगनं बी बगितला. मंग मानसिंगनं टावेलाखालनं आपला हात भाइर काढला, हळूहळू, गरम तव्याखालनं काढल्यावानी. दोनी हात छातीशी धरून त्यो उठला आन मागं मागं सरकला.

कोंडीबाची चार बोटं अजून धरल्यालीच व्हती.

पकड वळखीची. घट्ट न्हाय, सैल न्हाय. खालनं आल्याली, धोंड्याच्या अंगानं. कोंडीबानं उठायचं बगितलं. बूड धोंड्यावनं सुटंना. तवा त्येला उमगलं. हात बैलात आसताना मानसिंग बसला व्हता कुटं? मानसिंगच्या खाली काय व्हतं? नजर मानसिंगवर व्हती खरी, पर गिऱ्हाईकानं मानसिंग बगितलाच न्हाय. त्येनं धोंडा बगितला. घेतल्याली जागा ताब्यात घ्यायला आलंय त्ये. आन जागंवर जे हाय, ते जागंबरूबर जातं.

"काय झालं रं कोंडीबा?" लोक इचारायला लागलं.

"ह्या जागंवनं उठता येईना मला," कोंडीबा म्हनला.

बाजार हसून हसून लोळला. म्हाताऱ्याचं नवं सोंग! मानसिंगला सळो की पळो केलं बगा! "आन घेतलीया ना, उठनार न्हाय म्हनून?" कोन म्हनलं. "बस मंग!" मानसिंग तेवडा हसला न्हाय. त्यो आपली म्हस सुदा सोडून बाजाराच्या भाइर गेला, मागं न बगता. हळूहळू लोक पांगलं. राजेसाबानं लांबनंच पोतं गुंडाळलं. दुपार भरल्याली, लिंबाची सावली धोंड्याभवती गोळा झाल्याली, आन सगळं उजेडात, लख्ख.

टावेल मधीच जरासा वर व्हायचा, खाली व्हायचा.

मंग पकड सुटली. कोंडीबानं श्वास सोडला. आन त्येचं एक बोट धरलं गेलं. पैल्यापासनं.

नवा सौदा. जागा झाली, आता दुसरं काय? कोंडीबानं हात झटकला. दोन बोटं. झटकला. समोर माल कुनाचा हाय ते बगायला त्येनं मान वर केली आन ती तशीच थिजली. बाजाराच्या त्या टोकाला रंभाबाई दिसली. डोस्क्यावर बुट्टी, बुट्टीत भाकरी. बाजारच्या दिवशी ती कदी येत न्हवती. आज आली. नवऱ्यानं धोंडा राखला म्हनून आली आसंल.

कोंडीबानं डोळं गच्च मिटलं. न बगितल्याला माल माल न्हाय. हात झटकतोय, झटकतोय. समदी बोटं धरली. मनगट धरलं. त्यो डोळं मिटून तोंडातल्या तोंडात म्हनत व्हता, नगं, नगं, आन हात त्येचं ऐकत न्हवता. हाताला भाव चढल्याला आवडतो. पकड कोपराला आली आन तळवा आपला आपुन उघडाया लागला.

जवळच बांगड्या वाजल्या. बुट्टी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आवो," रंभाबाई म्हनली, आन तिच्या आवाजात आज टोमना न्हवता, लई वर्सांनी न्हवता. "डोळं मिटून कुनासंगं सौदा करताय? उठा, जेवून घ्या. हिकडं बगा की."

आन कोंडीबानं बगितलं.